पाठ फिरवून

वडाळ्याच्या शिधावाटप कार्यालयात, दुसऱ्या मजल्यावर,
माझं पोस्टर त्यांनी लावलंय
वाळूच्या लाल बादलीच्या वर,
म्हणजे जिथे कुणी बघत नाही तिथे.
पोस्टरवर टोपडं ओढलेला काळा चोर.
मे महिन्यात मुंबईत कोण घालतं असलं काही?
आमचा चोर शुद्ध बोलतो, घाई करत नाही,
'काकू, घाबरू नका' म्हणतो
आणि मग घाबरवतो.

मी कंत्राटी. अकरा महिन्यांची.
ओळखपत्रावर नावाखाली 'बाह्यस्रोत' छापलंय,
जणू मी आवाराबाहेरचा एखादा झरा.
दर मंगळवारी एक कार्यालय, पन्नास मिनिटं,
प्रोजेक्टर मिळाला तर मिळाला.
सांगते: ओटीपी म्हणजे घरातलं भांडण,
दारात आलेल्याला सांगायचं नसतं.
एखादी बाई हसते.
तेवढ्यावर माझा मंगळवार निघतो.

मग कीबोर्ड उचलून बघायचे.
हा कामाचा भाग आहे, आणि मला आवडतो, खोटं का बोलू.
खाली चिकटवलेल्या चिठ्ठ्यांत मुलांची नावं असतात,
कुलदैवतं असतात,
एकदा नुसतं 'आतापुरे' आणि पुढे एक दोन तीन.
साहेबांचा पासवर्ड शिपायाला पाठ.
शिपायाचा कुणालाच नाही,
त्याला लॉगिनच दिलेलं नाही.

पागधऱ्यांच्या कीबोर्डखाली काहीच नव्हतं.
निवृत्तीला सात महिने. चष्म्याला दोरी.
"आपल्याकडं चिठ्ठी नाय," म्हणाले, "डोक्यात हाय,"
आणि मी विचारलं नसताना सांगून टाकलं:
रत्नसागरी.
माहुलच्या खाडीतली वडिलांची होडी.
पाण्यावर तेल आलं, मासळी गेली, होडी विकली.
घेणाऱ्यानं नाव खरवडून दुसरं रंगवलं.
यंत्रणा दर नव्वद दिवसांनी म्हणते, बदला.
हे नावापुढचा आकडा एकानं वाढवतात.
त्या सकाळी एकतीस झाला होता.
एका विकलेल्या होडीचा
केवढा ताफा.

आणि मला म्हणावं लागलं,
काका, हे आता बदलावं लागेल.
"का? कुनाला कळलंय?"
मला.

ते बघत राहिले.
शेजारच्या खिडकीवर कुणाचा तरी अंगठा
यंत्र पुन्हा पुन्हा नाकारत होतं.
तो माणूस अंगठा शर्टाला पुसायचा, परत ठेवायचा,
जणू चूक अंगठ्याची आहे.

पागधऱ्यांना मी हे सांगितलं नाही
की फेब्रुवारीत, रात्री पावणेबाराला,
मलाही एक पत्र आलं होतं.
विषय: आपल्या कंत्राटास मुदतवाढ.
खाली निळी ओळ, येथे दाबा.
बोधचिन्ह किंचित फिकट, 'कंत्राटास'वरचा अनुस्वार गायब.
शिकवते ती सगळी लक्षणं होती.
मी दाबलं.
आमच्याच कंपनीनं घेतलेली परीक्षा निघाली.
नापासांच्या यादीत तुम्ही एकट्या नाही,
असं त्यांनी दिलासा म्हणून कळवलं.
मुदतवाढीचं अजून कळवलेलं नाही.

"मंग तिकडं तोंड करा," पागधरे म्हणाले.

मी वळले.
समोर बादली, वाळूत विड्यांची थोटकं,
वर माझा चोर.
मागून एका बोटानं चाललेला आवाज,
थांबत, आठवत, पुन्हा.
मी नकळत अक्षरं मोजू लागले.
सातपर्यंत आले आणि सोडून दिलं,
तेवढंही आपल्याला कळायला नको.

मग बराच वेळ काहीच नाही.
मग शेवटची कळ, जरा जोरातच.

"आता तुमालापन नाय सांगनार,"
असं म्हणून त्यांनी डबा उघडला
आणि सुक्या बोंबलाची चटणी
माझ्याकडे सरकवली.